पाहुण्यांची ओळख दीड पान, बेळगावला यायचं कसं ते मात्र एक ओळ पण नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या पेपरात बेळगावातल्या उद्योजकांच्या परिषदेची बातमी आली होती, चार कॉलम, फोटोसकट, आणि त्यात परदेशातून आलेल्या पाहुण्या वक्त्यांची ओळख सविस्तर छापली होती, किती देशांत भाषणं केली, कुठल्या कुठल्या कंपन्यांना सल्ला दिला वगैरे वगैरे. बातमी चुकीची होती असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण त्या पाहुण्यांना गोव्याहून आणून परत सोडणारा माणूस मी, जाता-येता मिळून सात-आठ तास त्यांच्या शेजारी बसलेलो, त्यामुळं चार ओळी लिहाव्या वाटल्या. पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, फक्त विमानतळाच्या कोडचा भाग कापू नका ही विनंती.

माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटं युनिट आहे. दोन सीएनसी मशीन, एक जुनी लेथ, हायड्रॉलिकचे पार्ट जॉबवर्कवर करतो. स्वागत समितीत मला घेतलं ते काय माझ्या हुशारीसाठी नव्हे, गाडी बरी आहे आणि कामापुरतं इंग्रजी येतं म्हणून. त्या दिवशी सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळाला, मुंबईची जमेल अशी फ्लाइट नव्हती, म्हणून पाहुण्यांचं तिकीट मुंबईहून गोव्याला काढलं होतं. ऑफिसातल्या पोरानं मला मेसेज टाकला, ‘सर, सकाळी दहाला गोवा एअरपोर्ट’. झालं. मी पहाटे पाचला निघालो, साडेनऊला दाबोळीला बोर्ड धरून उभा. दहा वाजले, साडेदहा वाजले, पाहुणा काही बाहेर येईना. मग फोन आला, ‘अहो कुठं हाय तुम्ही, पाहुणा बाहेर थांबलाय म्हणूलालाय की’. मी म्हटलं मी पण बाहेरच थांबलोय की! पाहुणा होता मोपाला.

तर लोकहो, गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना, वास्कोजवळ, तिकिटावर त्याचा कोड जीओआय. मोपा नवीन, पेडण्यात, २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झालेला, त्याचा कोड जीओएक्स. दोन्हींमध्ये साठेक किलोमीटरचं अंतर, मधे झुआरी आणि मांडवी दोन्ही पूल. तिकिटावर जीओएक्स स्पष्ट छापलेलं, मला ते तिकीट फॉरवर्ड पण केलेलं होतं, आणि मी ते उघडून बघितलं नाही. म्हणजे दोष एकट्या त्या पोराचा नाही. मी मोपाला पोचलो साडेबाराला. एवढा मोठा माणूस बॅगेवर बसून वडापाव खात होता. मी माफी मागितली तर म्हणाले, मी यापेक्षा चुकीच्या देशात पण उतरलोय. खरं की थट्टा ते कळलं नाही.

कार्यक्रम होता तीनला. शनिवार, त्यात जुलै, म्हणजे आंबोलीला धबधब्याच्या गर्दीत अडकणार हे नक्की, म्हणून मी गाडी डिचोली-साखळीवरनं चोर्ल्याला घातली. चोर्ला घाट पावसात ज्यानं चालवलाय त्याला सांगायला नको. धुकं असं की समोरच्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसला तर नशीब. कणकुंबीच्या आसपास फोनची रेंज गेली ती गेलीच, तिकडं समितीवाले फोन लावून लावून दमले आणि पाहुणे दरीत गेले की काय अशी चर्चा सुरू झाली म्हणे. आम्ही कणकुंबीला चहा पीत होतो.

आता ओळखीचं. ब्रोशरमध्ये त्यांच्याबद्दल दीड पान होतं. ‘ग्लोबल सप्लाय चेन थॉट लीडर’ असं मोठ्या अक्षरात. हे थॉट लीडर म्हणजे काय ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही, पाहुण्यांना विचारलं तर ते पण हसले, म्हणाले एजन्सीवाले लिहितात. मग त्यांनी जे सांगितलं ते त्या दीड पानात कुठंच नव्हतं. हा माणूस मूळचा एका पंपाचे पार्ट करणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क. पॅकिंग लिस्ट टाइप करायची, पेट्या मोजायच्या, एवढंच काम. त्यांच्या कारखान्याची पहिली मोठी एक्स्पोर्ट ऑर्डर गेली, व्हॉल्व्ह बॉडी, समुद्रमार्गे, आणि तिकडं पेट्या उघडल्या तर सगळा माल लाल! गंज. गिऱ्हाइकानं अख्खा लॉट रिजेक्ट केला. कारखान्यानं या क्लार्कलाच तिकडं पाठवलं, कारण इंजिनिअर पाठवायला परवडत नव्हता. अकरा दिवस गोदामात बसून वायर ब्रश आणि तेलाचं फडकं घेऊन एकेक पीस घासला. त्या अकरा दिवसांत आपल्याला धंदा कळला, म्हणाले.

मला काय काय विचारत होते बघा. तुमच्याकडं पार्ट धुतल्यावर वाळवता कसे? पॅक करताना पोरं हातमोजे घालतात का? मी खरं सांगितलं, नाही घालत. तर म्हणाले, माणसाच्या घामात मीठ असतं, उघड्या हातानं धरलेल्या मशीन केलेल्या तोंडावर महिन्याभरानं बोटांचे ठसे गंजात उमटतात, अगदी स्पष्ट, कुणी पॅक केलं ते ओळखू येईल इतके. आणि पावसाळ्यात दमट हवेत कोमट पार्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळला की आतल्या आत पाणी सुटतं. कंटेनर जहाजावर दिवसा तापतो, रात्री गार होतो, आतली दमट हवा छताला पाणी होऊन चिकटते आणि वरून ठिबकते, जसा कंटेनरच्या आत पाऊस. वर लाकडी पॅलेट ओलं असेल तर बघायलाच नको. पॅलेटचं मला अर्धवटच माहीत होतं, शिक्का लागतो एवढंच. तो शिक्का म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला सलग ३० मिनिटं तापवलंय नाहीतर त्याला धुरी दिलीय याची खूण, आणि ते कीड मरावी म्हणून, वाळवण्यासाठी नव्हे. म्हणजे शिक्का असलेलं पॅलेट पण पावसात भिजलेलं असू शकतं. मी आजवर शिक्का बघून निर्धास्त व्हायचो. गंज न यायचा तो व्हीसीआय कागद असतो ना, तो पण पाकीट नीट बंद केलं तरच काम करतो, उघडा ठेवला की साधा कागद. आमचा पण एक लॉट पुण्याच्या पार्टीकडनं असाच परत आला होता, चार वर्षं झाली, आम्ही त्याचा दोष प्लेटिंगवाल्याला दिला होता. असो.

तर हे ऐकायला आमच्या उद्यमबागेतले, मच्छेचे लोक तीन वाजल्यापासून बसलेले. आम्ही पोचलो सव्वापाचला. मग शाल, श्रीफळ, हार, म्हैसूर पेटा (पगडी), स्मृतिचिन्ह, मान्यवरांचे फोटो. मग सूत्रसंचालक ताईंनी ते दीड पान वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मी घड्याळ लावून बसलो होतो, अकरा मिनिटं. भाषणाला उरली वीस. त्यात त्यांनी स्लाइड दाखवल्या, बाण वर जाणारे, बाण खाली येणारे. गंजाचा विषय आलाच नाही, वेळच नव्हता. निम्मे लोक तोवर जेवणाच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी पेपरात आली ती ओळख, तीच, ब्रोशरमधली.

मला एवढंच म्हणायचंय की बाहेरनं माणूस बोलावताना तो किती देश फिरला हे नका सांगू, आमच्या कामाचं त्याला काय ठाऊक आहे ते दोन वाक्यांत सांगा. आपल्याच गावातलं उदाहरण आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात एक तरुण संन्यासी कोल्हापूरहून एक ओळखीची चिठ्ठी घेऊन रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या दारात आला. मुक्कामात त्यानं पान-सुपारी मागितली तर लोकांना संन्यासी आणि पान हे कोडं पडलं. हाच माणूस पुढच्या वर्षी ११ सप्टेंबरला शिकागोत बोलला. स्वामी विवेकानंदांना बेळगावात शिरायला एक चिठ्ठी पुरली, आणि आम्हाला दीड पान लागतं!

आणि वाचलेल्या जागेत यायचं कसं ते छापा. १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन आपल्याकडं झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, तेव्हा आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत विहीर खणली होती, अजून आहे. गंगाधरराव देशपांड्यांनी पाहुण्यांच्या सोयीचा एवढा विचार केला होता. आता आम्ही टेबलावर पाण्याची बाटली ठेवतो आणि झालं स्वागत.

म्हणून मीच लिहितो, आयोजकांनी खुशाल उचलावं.

पहिलं म्हणजे नाव. गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्याच दिवशी हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपूर वगैरे झालं. आपण घरात बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहणार, तो वाद मी इथं काढत नाही. पण परदेशातला माणूस जुन्या नावानं तिकीट शोधतो आणि विमानाच्या वेबसाइटवर कधीकधी त्याला काहीच सापडत नाही. स्टेशनचा कोड मात्र अजून बीजीएम. सांबऱ्याचा कोड आयएक्सजी. निमंत्रणात दोन्ही नावं आणि दोन्ही कोड टाका, अर्धी भानगड तिथंच मिटते. गावात आल्यावर पाट्या कानडी-इंग्रजीत, रिक्षावाला मराठी पण बोलतो, कानडी पण, हिंदी पण, तेव्हा पाहुण्यानं घाबरायचं कारण नाही, फक्त हॉलच्या नावाबरोबर जवळची खूण सांगावी, कुठल्या सर्कलजवळ, कुठल्या गेटाजवळ.

सांबऱ्याचा विमानतळ बेळगावापासून दहाएक किलोमीटर, फ्लाइट मिळाली तर त्याच्यासारखं सुख नाही. पण वेळापत्रक सारखं बदलतं, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी बघा, गेल्या वर्षीच्या ब्रोशरवरनं नको. तिथं परदेशी विमान उतरत नाही, म्हणजे इमिग्रेशन मुंबई, बेंगळूर, गोवा अशा ठिकाणी उरकूनच यायचं. हुबळीचा विमानतळ पण आहे, हायवेनं शंभरेक किलोमीटर, पावसाळ्यात मला विचाराल तर मी गोव्यापेक्षा हुबळी म्हणेन कारण मधे घाट नाही. रेल्वे सुधारलीय. १० ऑगस्ट २०२५ पासून बेंगळूरहून थेट बेळगावपर्यंत वंदे भारत येते, पुणे-हुबळी वंदे भारत पण इथं थांबते पण ती रोज नाही, वार बघून घ्या. पुण्याकडनं गाडीनं येणार असाल तर कोगनोळी ओलांडली की कर्नाटक, फास्टॅगमध्ये पैसे असूदेत.

गोव्याहून यायचंच असेल तर तीन-चार वाटा आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं आपली वाट बरी. पणजीकडनं चोर्ला जवळ पडतो. मोपाहून सावंतवाडी, आंबोली, शिनोळी करून येणं सोपं, पण शनिवार-रविवार पावसाळ्यात आंबोली नको. तिलारीचा घाट फार उभा, पाहुण्याला घेऊन तर नकोच, त्याला ओकारी झाली तर भाषण कोण करणार. अनमोड खानापूर-लोंढ्याकडनं, लांब पडतो. कुठल्याही वाटेनं तीन तास धरा, जुलै-ऑगस्टात चार-साडेचार. आणि ज्या दिवशी उतरणार त्याच दिवशी भाषण ठेवू नका हो! एक मुक्काम आधी.

तारखेचं तर फारच सांभाळायला हवं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, ते दहा-बारा दिवस आमदार, अधिकारी, पोलिस, पत्रकार सगळे इथं, खोली मिळणं मुश्किल आणि मिळाली तर दुप्पट भाव, हायवेवर आंदोलनं, बॅरिकेड. हवा मात्र तेव्हाच सगळ्यात छान, गुलाबी थंडी, म्हणून प्रत्येक आयोजकाला डिसेंबरच सुचतो. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि आपला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस एकाच दिवशी, त्या दिवशी पाहुण्याला गावातून न्यायचा प्रयत्न करू नका. शिवजयंती आपल्याकडं वैशाखात, चित्ररथ रात्रभर चालतात, बघायला पाहुण्याला जरूर आणा पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं सेशन ठेवू नका, ऐकायला कुणी येणार नाही. गणपती विसर्जनाचं तेच. आणि सीमेवर काही वाजलं की पहिल्यांदा बस बंद होतात, २०२५ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरहून येणारी एसटी बंद झाली होती, तेव्हा एसटीवर विसंबून येणाऱ्यांनी रेल्वेचा पर्याय डोक्यात ठेवावा.

परदेशी पाहुणा लॉजवर उतरवायचा तर लॉजवाल्याला त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये (पूर्वीचा सी फॉर्म) भरावी लागते. लहान लॉजवाले ही कटकट नको म्हणून तोंडावर ‘रूम फुल्ल’ सांगतात, रात्री अकराला हे कळण्यापेक्षा आधी विचारून ठेवा. व्हिसाचं पण तसंच, ई-व्हिसात टुरिस्ट वेगळा, बिझनेस वेगळा, कॉन्फरन्स वेगळा, कुठला लागतो ते निमंत्रण देणाऱ्यानंच आधी विचारून कळवावं, पाहुण्यावर सोडू नये. सुटे पैसे द्या त्यांच्याजवळ, टपरीवर त्यांचं कार्ड चालत नाही.

कार्यक्रम उद्यमबागेत आणि हॉटेल कॅम्पात असेल तर सकाळी अर्धा तास जास्तीचा धरा. टिळकवाडीत ‘दुसरं रेल्वे गेट’ म्हणतात त्या फाटकावर गेट पडलं की संपलं.

आता भेटवस्तूचं राहिलं, आणि इथं मी समितीशी भांडलोय. पाहुण्यांना दिला एक किलो कुंदा, मांड्यांचा डबा आणि गोकाकचं करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी). प्रेमानं दिलं, मान्य. पण हा माणूस मुंबईहून दुबईमार्गे युरोपात जाणार. युरोपात बाहेरच्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे कुंदा गेला. मांड्यात खसखस, करदंटात पण बहुतेक वेळा असतेच, आणि दुबईला खसखस जवळ सापडली तर तिकडं तो अमली पदार्थांचा गुन्हा धरतात, लोक आत गेलेत यासाठी. मी हे सांगितलं तर एक जण म्हणाला, एवढं कोण बघतंय. अहो बघतात! वडगाव-शहापूरच्या विणकराकडची साडी घ्या त्यांच्या बायकोसाठी, नाहीतर एखादा चांगला मशीन केलेला पार्ट पॉलिश करून द्या टेबलावर ठेवायला, तेलाचं फडकं फिरवून.

परत सोडायला निघालो ते पहाटे तीनला, सोमवार असल्यामुळं आंबोलीकडनं. वाटेत मी भीत भीत पाहुण्यांना खसखशीचं सांगितलं. त्यांनी तिन्ही डबे पुढच्या सीटवर घेतले. आंबोलीच्या अलीकडं एक टपरी नुकती उघडत होती, स्टोव्हवर दूध तापत होतं, बाहेर पाऊस. मी टपरीवाल्याकडनं दोन वाट्या दूध घेतलं आणि मांडे कसे दुधात कुस्करून खातात ते दाखवलं. डबा घाटात हेलकावे खाऊन आधीच अर्धा चुरा झाला होता, त्यामुळं कुस्करायचं काम वाचलं. कुंदा टपरीवाल्याच्या पोरांना दिला. करदंट मात्र पाहुणे सोडेनात, मोपापर्यंत चावत होते, आणि मधे एकदा डबा उलटा करून बघितला, म्हणाले, हे पॅकिंग चांगलंय, कोण करतं?

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव
(नाव छापू नये, स्वागत समितीत अजून आहे)